वाचक विचारतात : सोर्स हरवला, प्रोग्रॅम मात्र हवा

सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, नसलेल्या जुन्या प्रोग्रॅमचं काय करायचं, याविषयी या खेपेला बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच : कंपाइल होऊन, म्हणजे मशिनच्या भाषेत उतरून बसलेल्या फाइलमध्ये आपल्याला हात घालता येतो का? येतो. मात्र हेक्स एडिटर (फाइलमधले बाइट थेट दाखवणारं साधन) उघडून हाताने बाइट बदलायला माझा विरोध आहे. तो का, हे पहिल्या उत्तरात सविस्तर लिहिलं आहे. बाकीची उत्तरं त्यामानाने आटोपशीर.

प्रश्न : मॅडम, आमच्याकडे वजनकाट्यावरच्या नोंदी घेणारा एक जुना ३२-बिट विंडोज प्रोग्रॅम आहे. तो लिहिणारी कंपनी बंद पडली, सोर्स कुणाकडेच नाही. प्रोग्रॅम नेटवर्कच्या ५००० नंबरच्या पोर्टवर चालतो आणि आता नेमका तोच पोर्ट दुसऱ्या सॉफ्टवेअरला लागतो आहे. सेटिंगमध्ये पोर्ट बदलायची सोयच नाही. मी एक्सई फाइल नोटपॅडमध्ये उघडून ५००० शोधलं, सापडलं नाही. काहीही न बदलता नुसती सेव्ह केली, तर आता प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

उत्तर : आधी बॅकअपमधून किंवा दुसऱ्या मशिनवरून मूळ फाइल परत आणा. नोटपॅडने सेव्ह केलेली प्रत टाकून द्या, ती दुरुस्त होण्यातली नाही. नोटपॅड प्रत्येक बाइटला अक्षर समजतो आणि जो बाइट अक्षर म्हणून बसत नाही, त्याचं सेव्ह करताना भलतंच काहीतरी करून ठेवतो. स्क्रिप्टमध्येही हाच घोटाळा होऊ शकतो. विंडोजवर फाइल टेक्स्ट मोडमध्ये लिहिली, की प्रत्येक ०ए बाइटच्या आधी एक ०डी घुसडला जातो. फाइल फुगते, पुढचा सगळा मजकूर सरकतो आणि प्रोग्रॅम मरतो. म्हणून पायथनमध्ये वाचताना 'आरबी' आणि लिहिताना 'डब्ल्यूबी'. त्यातला 'बी' म्हणजे बायनरी, तो विसरायचा नाही.

आता ५००० का सापडलं नाही? कारण तो आकडा फाइलमध्ये अक्षरं म्हणून नसावा, संख्या म्हणून असावा. ५००० हेक्सात, म्हणजे सोळाच्या पटीत मोजणाऱ्या पद्धतीत, लिहिले की होतात १३८८. इंटेलच्या प्रोसेसरवर संख्येचा लहान बाइट आधी लिहितात, म्हणून फाइलमध्ये ते दिसतात '८८ १३' असे. तुम्हाला समजा ५०५० हवा असेल, तर तो हेक्सात १३बीए, म्हणजे फाइलमध्ये 'बीए १३'. गंमत बघा, प्रत्यक्षात एकच बाइट बदलायचा आहे.

इथे मोह होतो : सगळीकडचे '८८ १३' शोधा आणि 'बीए १३' करून टाका. तसं अजिबात करू नका. प्रोसेसरच्या दृष्टीने '८८ १३' ही स्वतःच एक पूर्ण सूचना आहे. तिचा अर्थ, डीएल या रजिस्टरमधला (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यातला) बाइट ईबीएक्स दाखवेल त्या जागी लिही. अशी सूचना कुठल्याही प्रोग्रॅममध्ये सहज सापडेल. तिथे तुम्ही ८८ चा बीए केलात, तर सूचनेचा अर्थच पालटतो. बीए म्हणजे 'पुढचे चार बाइट ईडीएक्समध्ये भर'. मग १३ आणि त्याच्यामागचे आणखी तीन बाइट, जे दुसऱ्याच सूचनांचे होते, ते संख्या म्हणून गिळले जातात. प्रोग्रॅम कधी लगेच कोसळतो, कधी तीन तासांनी चुकीचं वजन लिहितो. दुसरा प्रकार जास्त वाईट.

म्हणून शोधायचा तुकडा लांब घ्या. ३२-बिट प्रोग्रॅममध्ये एखाद्या फंक्शनला ५००० हा आकडा द्यायचा असतो, तेव्हा कंपायलर बहुधा '६८ ८८ १३ ०० ००' असे पाच बाइट लिहितो. ६८ म्हणजे पुश, फंक्शनसाठी किंमत पुढे ठेवणं. हे पाच बाइट शोधा आणि स्क्रिप्टला सुरुवातीला फक्त मोजायला सांगा, बदलायला नको. एकदाच सापडले तर नशीब. तीन-चारदा सापडले तरी नवल नाही, कारण पाच सेकंद थांबायचं असेल तर तेही मिलिसेकंदात ५०००च होतात आणि त्यांचेही बाइट अगदी हेच. चुकीची जागा धरलीत, तर पोर्ट आहे तिथेच राहील आणि कुठलंतरी पाच सेकंदांचं थांबणं ५० मिलिसेकंदांनी लांबेल. ते तुमच्या कधी लक्षातही येणार नाही.

खरी जागा ओळखायचे दोन मार्ग. घिड्रा हा अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०१९ साली फुकट खुला केलेला डिसअसेंबलर, म्हणजे बाइटांच्या सूचना वाचता येतील अशा करून दाखवणारा प्रोग्रॅम आहे. त्यात फाइल उघडली की त्या पुशच्या मागोमाग कुठलं फंक्शन बोलावलं आहे ते नावानिशी दिसतं. 'एचटॉन्स' (आकड्याचे बाइट नेटवर्कच्या उलट क्रमाने लावणारं फंक्शन) दिसलं तर पोर्ट, 'स्लीप' दिसलं तर थांबणं. दुसरा मार्ग गावठी पण भरवशाचा. जितक्या जागा सापडल्या तितक्या प्रती काढा आणि प्रत्येक प्रतीत एकच जागा बदला. काट्याची केबल काढून ठेवा, एकेक प्रत चालवा आणि दुसऱ्या खिडकीत 'नेटस्टॅट -एएनओ' देऊन बघा. ज्या प्रतीत ५०५० 'लिसनिंग' दिसेल ती आपली. मग त्या जागेच्या पुढचेमागचे आणखी काही बाइट तुकड्यात घ्या, तुकडा फाइलभर एकमेव ठरेपर्यंत. हे जादा बाइट फक्त ओळख पटवण्यासाठी, त्यांना हात लावायचा नाही. त्यात पत्ते असतात आणि प्रोग्रॅम मेमरीत चढताना विंडोज त्यातले काही पत्ते स्वतः दुरुस्त करतो. तुम्ही तिथे काही वेगळं लिहून ठेवलंत, तर विंडोज त्यावर आपली बेरीज करून टाकेल.

आता स्क्रिप्ट. पायथनमध्ये ती जेमतेम वीस ओळींची होते आणि त्यातल्या बहुतेक ओळी नुसत्या खात्री करणाऱ्या असाव्यात. पहिल्यांदा मूळ फाइल वाचून तिचा शा-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, काढा आणि तुम्ही लिहून ठेवलेल्या हॅशशी ताडून बघा. जुळला नाही तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं. मग तुकडा किती वेळा आला ते 'काउंट'ने मोजा. उत्तर बरोबर एक नसेल तरीही थांबावं. शून्य असेल तर ही आवृत्ती वेगळी आहे किंवा बदल आधीच झालेला आहे. त्यानंतर 'रिप्लेस', मग नव्या मजकुराची लांबी जुन्याइतकीच आहे ना ते बघणं, आणि शेवटी नव्या नावाने लिहिणं. मूळ फाइलवर कधीही लिहायचं नाही. झाल्यावर विंडोजच्या 'एफसी /बी' या जुन्या कमांडने दोन्ही फाइली ताडा. फाइलींच्या नावांची ओळ सोडली तर एकच ओळ यायला हवी : जागेचा पत्ता, ८८, बीए. अशी आणखी एक ओळ आली तर काहीतरी बिनसलं आहे.

हेच काम हेक्स एडिटरमध्ये दोन मिनिटांत होतं, मग एवढा खटाटोप कशाला? कारण वर्षभराने मशिन बदलेल, कुणीतरी जुन्या सीडीवरून प्रोग्रॅम पुन्हा टाकेल आणि पोर्ट परत ५००० होईल. तेव्हा कुठला बाइट कशासाठी बदलला होता हे कुणालाही आठवणार नाही. स्क्रिप्ट असेल तर बदल काय, कुठे आणि का, हे तिच्यातच लिहिलेलं असतं. दुसऱ्या शाखेत तोच प्रोग्रॅम थोड्या वेगळ्या आवृत्तीत असला, तर ती मुकाट्याने नुकसान न करता साफ नकार देते. हेक्स एडिटर नकार देत नाही. माझ्या लेखी स्क्रिप्ट हीच मूळ वस्तू आहे. बदललेली एक्सई तिच्यातून केव्हाही पुन्हा काढता येते.

तुकडा कुठेच सापडला नाही, तर पोर्ट विंडोजच्या १६-बिटी अक्षरांत लिहिलेला असू शकतो : '३५ ०० ३० ०० ३० ०० ३० ००'. एखादा प्रोग्रॅमर आकडा आधीच उलटून '१३ ८८' असाही ठेवतो. आणि फाइलच्या सुरुवातीच्या भागात 'यूपीएक्स' ही अक्षरं दिसली, तर अख्खा प्रोग्रॅम दाबून बसवलेला आहे. तो आधी यूपीएक्सच्याच '-डी' पर्यायाने सोडवा, मग शोध घ्या.

प्रश्न : एका छोट्या प्रोग्रॅममधली इंग्रजी बटणं आणि सूचना मला मराठीत करायच्या आहेत. शोध-आणि-बदल करणारी स्क्रिप्ट पुरेल का?

उत्तर : पुरेल की नाही, ते मजकूर कुठल्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीत) आहे त्यावर ठरेल. नियम तोच, जुन्या मजकुराला जेवढे बाइट होते तेवढ्यातच नवा बसला पाहिजे. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, काना-मात्रासुद्धा वेगळे मोजले जातात. इंग्रजी 'सेव्ह'ची चार अक्षरं म्हणजे चार बाइट, आणि आपलं 'जतन' नऊ बाइटांचं. बसणारच नाही. तेच विंडोजच्या यूटीएफ-१६मध्ये बघितलं तर पारडं फिरतं. तिथे इंग्रजी अक्षरालाही दोन बाइट लागतात आणि देवनागरीलाही दोनच. म्हणजे 'सेव्ह'चे आठ, 'जतन'चे सहा. उरलेल्या दोन बाइटांत शून्य भरा, काम फत्ते. 'जतन करा' म्हणाल तर चौदा, पुन्हा बसत नाही. त्यामुळे भाषांतरकाराची शब्दनिवड इथे बाइट मोजून होते. 'रद्द'मध्ये चार चिन्हं आहेत हे ध्यानात ठेवा, हलन्त मोजायचा राहून जातो.

शून्य भरण्याची युक्ती, मजकूर शून्याशी संपतो असं मानणाऱ्या प्रोग्रॅमपुरतीच. डॉटनेट, जावा यांसारख्या ठिकाणी मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते, तिथे ही चाल चालत नाही. शिवाय विंडोजच्या मेनू आणि डायलॉगमधला मजकूर बहुधा फाइलच्या रिसोर्स विभागात असतो. त्याला बाइटची स्क्रिप्ट लावण्यापेक्षा रिसोर्स हॅकरसारखं साधन वापरा. ते विभागच नव्याने बांधतं, त्यामुळे लांबीची अडचण उरत नाही.

आणि प्रोग्रॅम फारच जुना, एकबाइटी अक्षरांवर चालणारा असेल, तर स्क्रिप्ट कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. असे प्रोग्रॅम विंडोजच्या ज्या जुन्या कोडपेजांवर (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर, याच्या तक्त्यांवर) चालतात, त्यांत देवनागरीला जागाच दिलेली नव्हती. तिथे प्रश्नचिन्हं दिसतील.

प्रश्न : माझा जुना ३२-बिट चित्रांचा प्रोग्रॅम मोठी फाइल उघडली की मेमरी संपली म्हणून बंद पडतो. मशिनमध्ये १६ जीबी रॅम आहे. त्याच्यात एक बिट बदलला की दुप्पट मेमरी मिळते असं ऐकलं. खरं का?

उत्तर : खरं आहे, आणि स्क्रिप्ट शिकायला यापेक्षा चांगला धडा नाही, कारण इथे शोधाशोध नाही. जागा नियमाने ठरलेली आहे.

३२-बिट प्रोग्रॅमला विंडोज मुळात २ जीबी पत्त्यांची जागा देतो, मशिनमध्ये रॅम कितीही असो. प्रोग्रॅमच्या हेडरमध्ये 'मला मोठे पत्ते चालतात' असा झेंडा उभा असेल, तर ६४-बिट विंडोजवर त्याला ४ जीबी मिळते. झेंड्यापर्यंत असं पोचायचं : फाइलचे पहिले दोन बाइट '४डी ५ए' आहेत ना बघा, म्हणजे 'एमझेड', डॉसच्या काळातल्या मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमरची आद्याक्षरं. मग ६०व्या बाइटपासून (मोजणी शून्यापासून) चार बाइटांची संख्या वाचा. ती सांगते की खरं हेडर कुठे आहे. तिथे '५० ४५ ०० ००' हवं. तिथून २२ बाइट पुढे दोन बाइटांचा एक रकाना आहे, त्यात ३२ किमतीचा बिट चढवायचा. चढवायचा म्हणजे 'ऑर' करायचा, बेरीज नाही. झेंडा आधीच उभा असला तर बेरीज भलताच बिट हलवेल. बहुतेक वेळा '०२ ०१' चे '२२ ०१' झालेले दिसतील.

आता पथ्य. काही जुने प्रोग्रॅम पत्त्याचा सर्वांत वरचा बिट स्वतःच्या खुणेसाठी वापरत, कारण २ जीबीच्या आत तो कायम शून्यच असे. अशांना ४ जीबी दिली तर ते भर कामात गडबडतात. म्हणून आठवडाभर प्रतीवरच काम करून बघा. फाइलवर डिजिटल सही असेल तर ती मोडेल. हेडरमधला चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायचा पडताळणीचा आकडा) साध्या एक्सईसाठी विंडोज तपासत नाही, ड्रायव्हरसाठी तपासतो. ड्रायव्हरच्या वाटेला जाऊच नका. ज्यांच्याकडे व्हिज्युअल स्टुडिओ आहे, त्यांना 'एडिटबिन' हेच काम एका ओळीत करून देतं.

प्रश्न : मी कॉम्प्युटर सायन्सची विद्यार्थिनी आहे. आमचे सर म्हणतात, एक्सईमध्ये बदल करणं हे हॅकर्सचे उद्योग, खरे प्रोग्रॅमर कधी असं करत नाहीत.

उत्तर : सरांना टर्बो पास्कलची आठवण करून द्या. पेंटियम वेगवान होत गेले तशी १९९०च्या दशकात एक विचित्र साथ आली. टर्बो पास्कल ७मध्ये केलेले, चांगले चालणारे प्रोग्रॅम सुरू होता होताच 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडायला लागले. या नंबरचा अर्थ शून्याने भागाकार. पण कुणीही शून्याने भागत नव्हतं. सीआरटी नावाचं युनिट सुरुवातीला मशिनचा वेग मोजायचं : घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, एक रिकामी फेरी किती वेळा फिरते ते बघायचं आणि त्या आकड्याला ५५ने भागायचं. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ पर्यंत मावायला हवं. मशिन इतकी वेगवान झाली की ते मावेना. प्रोसेसर शून्याने भागाकार आणि न मावणारं उत्तर या दोन्हींसाठी एकच घंटा वाजवतो, म्हणून पास्कलने शून्याचं नाव घेतलं. कित्येकांकडे त्या प्रोग्रॅमचा सोर्स उरला नव्हता. तेव्हा तयार एक्सईत तो भागाकार शोधून जागच्या जागी दुरुस्त करणाऱ्या छोट्या पॅच प्रोग्रॅमांनीच लोकांची कामं वाचवली.

दुसरं उदाहरण खुद्द मायक्रोसॉफ्टचं. ऑफिसबरोबर येणारा इक्वेशन एडिटर २००० साली कंपाइल झालेला होता. त्यात फॉन्टचं नाव ठरलेल्या जागेबाहेर सांडण्याचं भगदाड सापडलं आणि नोव्हेंबर २०१७मध्ये दुरुस्ती आली. सुरक्षा-संशोधकांनी जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून पाहिली, तर सगळी फंक्शन्स जुन्याच पत्त्यांवर. सोर्समधून पुन्हा कंपाइल केलं असतं, तर ती हमखास हलली असती. निष्कर्ष असा, की दुरुस्ती थेट बायनरीत हाताने केली होती आणि लांबी तपासणाऱ्या नव्या सूचनांसाठी जुन्या सूचना आखडून जागा काढली होती. मला हे काम फार देखणं वाटतं. पुढे जानेवारी २०१८मध्ये तो एडिटरच ऑफिसमधून काढून टाकला, ही गोष्ट वेगळी.

प्रश्न : ट्रायलची मुदत संपलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ७४चा ईबी केला की लायसन्सची तपासणी ओलांडली जाते म्हणे. नेमका बाइट कसा शोधायचा?

उत्तर : ७४ म्हणजे 'सारखं असेल तर उडी मार' आणि ईबी म्हणजे 'काहीही असो, उडी मार', एवढं तुम्हाला कळलेलं दिसतंय. पुढचं मी सांगणार नाही. दुसऱ्याच्या पोटावर पाय देण्यासाठी हे सदर नाही. वजनकाट्यावाल्या वाचकांनाही माझं सांगणं आहे, की आपल्या लायसन्सचा कागद काढून त्यात बदलाबद्दल काय लिहिलं आहे ते आधी वाचा.

प्रश्न : एम-चिपच्या मॅकवर मी माझ्याच प्रोग्रॅममधला एक संदेश स्क्रिप्टने बदलला. लांबी तीच ठेवली. तरी टर्मिनल फक्त 'किल्ड : ९' म्हणतं.

उत्तर : स्क्रिप्टचा दोष नाही. ॲपलच्या या चिपांवर, खास त्यांच्यासाठीच कंपाइल केलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला सही असावीच लागते. कंपाइल करताना लिंकर ती गुपचूप टाकतो, म्हणून तुम्हाला तिचा पत्ता नसतो. सहीत फाइलच्या प्रत्येक पानाचा हॅश असतो. तुम्ही बाइट बदलला, हॅश जुळेना, सिस्टिमने प्रोग्रॅम मारला. 'कोडसाइन'ला 'फोर्स' आणि 'साइन'चे पर्याय देऊन, सही करणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं एक वजाचिन्ह द्या. ती बिननावाची स्थानिक सही तुमच्या मशिनवर पुरते. बदल जुन्या फाइलच्या आतच न लिहिता नवी फाइल तयार करून तिचं नाव बदला, कारण जुन्या फाइलची सही सिस्टिमने लक्षात ठेवलेली असू शकते.

प्रश्न : लिनक्सवर 'डीडी'ने एक बाइट बदलायला गेलो, तर 'टेक्स्ट फाइल बिझी'. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा दिलं, तर फाइलच आखूड झाली.

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या फाइलवर लिनक्स लिहू देत नाही, हा पहिला संदेश. आणि 'डीडी'ला 'कॉन्व्ह=नोट्रंक' सांगितलं नाही, तर तो लिहायच्या जागेपासून पुढची फाइल कापून टाकतो. पॅकेज मॅनेजरकडून मूळ फाइल पुन्हा बसवून घ्या. पुढच्या वेळी शेजारी प्रत काढा, प्रतीत बदल करा, 'सीएमपी -एल'ने ताडा (ही कमांड बाइट ऑक्टलमध्ये दाखवते, ८८ तिथे २१० दिसेल), चालवण्याची परवानगी द्या आणि 'एमव्ही'ने मूळ नावावर आणा. त्यासाठी प्रोग्रॅम बंद करायचीही गरज नाही. चालू असलेला जुन्याच फाइलवर चालत राहतो, पुन्हा सुरू केला की नवी उचलतो.